'बिग'चे ५० लाख: फिरत्या निरोपाबद्दल खुलासा

बायोटेक शिकणाऱ्या मुलांच्या गटांमध्ये एक निरोप फिरतोय: 'नुसती कल्पना सांगा, बायरॅक ५० लाख खात्यात भरतं आणि बदल्यात कंपनीत हिस्सा घेतं.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१२ सालची संस्था. तिच्या 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) या नव्या कल्पनांसाठीच्या योजनेत ५० लाख ही कमाल मर्यादा आहे, तीही साधारण १८ महिन्यांच्या कामासाठी. छाननी आणि सादरीकरणानंतर निवड होते, आणि ठरलेले टप्पे गाठले तरच पुढचा हप्ता मिळतो. हे अनुदान आहे. त्यात हिस्सा द्यावा लागत नाही. हिस्सा घेऊन पैसे देणारा बायरॅकचा 'सीड फंड' वेगळा, तो इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रांमार्फत, मिळतो. बहुधा इथेच गल्लत झाली असावी.

अजून पदवीच करणाऱ्यांनी आधी बायरॅकचीच 'ई-युवा' योजना पाहावी, ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर 'बिग'च्या अर्जदारांना मार्गदर्शन करतं. 'अर्ज भरून देतो, टक्केवारी द्या' म्हणणाऱ्या मध्यस्थाला मात्र एक रुपयाही देऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय, कारण त्यात मुलांचीच बचत जाते.