‘मोठ्या बेसच्या तारा कापून बसवा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपांवर बेस गिटारच्या तारांबद्दल एक मेसेज फिरतोय. ‘छोट्या बेसच्या वेगळ्या तारा म्हणजे कंपन्यांची लूट. साध्या बेसचा सेट घ्या, कापा, बसवा. चारही तारा एकदम काढू नका, मान वाकते. जुन्या तारा उकळल्या की नव्या होतात. सूर लावला की लगेच वाजवा.’ खाली ‘अनुभवी कलाकाराकडून’ असंही लिहिलंय. युकुलेले बेस, म्हणजे युकुलेलेसारखा छोटा बेस, घेतलेल्या पोरांनी हे खरं धरून तारा कापायला घेतल्यात, म्हणून हे उत्तर.

‘साधा सेट कापून बसवा.’ आधी बेस कोणता ते सांगा. साध्या बेसचं स्केल, म्हणजे नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (खाली तारा टेकतात ती घोडी) हे अंतर, ३४ इंच. शॉर्ट स्केल ३० इंच, आयबानेझ मायक्रो २८.६ इंच आणि युकुलेले बेस जेमतेम २० ते २१ इंच. मेसेजवाल्यानं या सगळ्यांना ‘छोटा बेस’ म्हणून एकाच पोत्यात भरलंय. तुमचा माहीत नसेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) मोजा आणि दुप्पट करा.

तार तीच, सूर तोच आणि लांबी कमी केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतो. ३४ ची तार २१ इंचांवर त्याच सुराला लावली की ताण राहतो सुमारे ३८ टक्के. म्हणजे ई ची, सगळ्यात जाड, तार नुसती लोंबणार, फ्रेटवर आपटून खरखरणार, आणि जोरात छेडली की आधी सूर चढणार, मग खाली येणार. ताण पहिल्याइतका हवा असेल तर तार अडीचपटीहून जड लागते. तेवढी जाड पोलादी तार मग तारेसारखी नाही, सळईसारखी वागते. म्हणून तर युकुलेले बेसला पॉलियुरेथेनच्या, आपण ज्याला रबरी म्हणतो त्या, जाड पण लवचिक तारा असतात. धातूचाच आवाज हवा असेल तर याच लांबीसाठी केलेल्या, मऊ वेढ्यांच्या (गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेल्या) तारा मिळतात. तंबोरा जुळवणाऱ्याला विचारा, लांबी आणि सूर कळल्याशिवाय तो तारेचा नंबर सांगत नाही.

२८.६ इंचांवर हेच गणित ७१ टक्क्यांच्या आसपास येतं. तिथं थोडं जाड गेज, म्हणजे जाड तारांचा सेट, घेतलं तर साधा सेट चालून जातो, एवढं मेसेजवाल्याचं खरं. पण टोकाचा बारीक भाग कापल्यावर जाड भागच खुंटीत घालावा लागतो. तो भोकात जाईलच असं नाही, आणि गेला तरी वेढे उकलू शकतात. कापायचीच असेल तर आधी पक्कडीनं काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पुढं कापा.

उलटा उद्योगही काही जण करतात. मऊ आवाज हवा म्हणून मायक्रोवर रबरी तारा चढवतात. त्याचे पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपून अँपला देणारे भाग, चुंबकाचे, त्यांना लोखंड लागतं. अँप कितीही वाढवा, आवाज येणार नाही. रबरी तारेला ब्रिजखालचा, दाबातून कंपन टिपणारा पिएझो पिकअपच हवा.

‘चारही एकदम काढू नका.’ हे उभ्या डबल बेसचं शहाणपण आहे. तिथं ब्रिज तारांच्या दाबानं उभा असतो आणि आतली काठीही दाबावरच टिकते. सगळ्या तारा एकदम सैल केल्या की दोन्ही पडू शकतात. युकुलेले बेसचा ब्रिज चिकटवलेला असतो. तासभर तारा नसल्या म्हणून मानेला काही होत नाही, उलट फिंगरबोर्ड नीट पुसता येतो. फक्त ब्रिजवरची पट्टी निघून येणार नाही हे बघा. ती पिएझोवर सपाट बसली नाही तर एखादी तार दबक्या आवाजात वाजते.

उकळण्याचं म्हणाल तर धातूच्या वेढ्यांतला घामाचा मळ त्यानं निघतो. तारा नीट वाळवल्या तर थोडे दिवस चमक येते, पण नवी तार ती नवीच. रबरी तार मात्र उकळू नका. तिला वेढेच नाहीत, मळ अडकणार कुठं? पुसली की झालं. बोटाला चिकटत असेल तर थोडी टाल्कम पावडर लावा.

राहिलं ‘लगेच वाजवा’. रबरी तार प्रचंड ताणते. धातूच्या तारेसारखी दोन-तीन इंच सैल सोडून खुंटीला लावली, तर पिळून पिळून खुंटी भरते आणि सूर अजून खालीच. म्हणून एका हातानं तार चांगली ताणून धरायची, ताणलेली असतानाच खुंटीत अडकवायची आणि मग पिळायचं. सुराला आल्यावर दोनेक वेढे पुरतात, आणि ते एकाखाली एक बसले पाहिजेत. उरलेलं टोक त्याच दिवशी कापू नका. तार घसरली तर पुन्हा धरायला काही राहत नाही.

त्यानंतर सूर उतरतच राहणार. पुन्हा लावा, बाराव्या फ्रेटपाशी तार हलक्या हातानं उचलून ताणा, परत लावा, रात्री सुरातच ठेवून झोपा. काही दिवस हे चालतं. त्यात आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं, आणि मांडवातल्या उन्हातून एसी हॉलमध्ये गेलात की सूर सरकतोच. त्यामुळं लग्नसराईतली सुपारी असेल तर तारा किमान आठवडाभर आधी बदला, आणि काढलेला जुना सेट फेकू नका. तो आधीच ताणून झालेला असतो. स्टेजवर नव्यानं दगा दिला तर कामाला येतो.