‘पी.ई. म्हणजे फुकटचे मार्क’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी हमखास फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांची मुलं जूनपासून माझ्याच वर्गात बसणार आहेत. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सीबीएसईत अकरावीला पाचवा विषय म्हणून शारीरिक शिक्षण (पी.ई.) घेऊ नका. तो खेळायचा तास आहे, अभ्यास नाही. मार्क फुकट मिळतात. खेळाडू असाल तरच उपयोग. कॉलेजच्या प्रवेशात धरत नाहीत. आणि पुढे फार तर शाळेत पी.टी.चे सर व्हाल.

गेली बारा वर्षं मी हाच विषय शिकवतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘खेळायचा तास आहे, अभ्यास नाही’

हा गैरसमज कुठून आला ते मला कळतं. आपल्यापैकी बहुतेक जण राज्य मंडळातून बारावी झालो. तिथे ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ सक्तीचं असतं, पण त्याला फक्त श्रेणी मिळते. त्यामुळे घराघरांत त्याची किंमत ‘पी.टी.चा तास’ एवढीच राहिली. सीबीएसईचा 048 क्रमांकाचा विषय वेगळा आहे. त्यात 70 गुणांची तीन तासांची लेखी परीक्षा असते आणि 30 गुणांचं प्रॅक्टिकल. इंग्लंडमध्ये ए लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला, हाच विषय घेणाऱ्या मुलांनाही लेखी 70 टक्के आणि बाकीचं 30 टक्के अशीच विभागणी असते.

बारावीत दहा युनिट आहेत. पहिल्यात स्पर्धेचं नियोजन. 21 संघांची बाद फेरीची स्पर्धा आहे, फिक्स्चर, म्हणजे सामन्यांचा तक्ता, काढा. मुलं लगेच 21 चिठ्ठ्या करायला घेतात आणि अडकतात. सामने किती होणार? एका सामन्यात एक संघ बाद होतो, शेवटी एकच उरायला हवा, म्हणजे 20. मग 21 च्या पुढची दोनाची घातसंख्या 32, म्हणून 32 वजा 21, म्हणजे 11 संघांना बाय: ते पहिली फेरी न खेळताच पुढे जातात. वरच्या अर्ध्यात 11 संघ आणि 5 बाय, खालच्या अर्ध्यात 10 संघ आणि 6 बाय. पहिल्या फेरीनंतर दोन्हीकडे बरोबर आठ-आठ संघ उरले की फळ्यासमोर उभ्या असलेल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. गणिताला कायम घाबरणारी मुलं इथे गणित करतात, कारण ते कशासाठी करायचं ते समोर दिसत असतं.

बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या भौतिकशास्त्राच्या, युनिटमध्ये न्यूटनचे नियम, घर्षण, प्रक्षेप आणि तरफा येतात. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा: चवडा हा टेकू, मध्ये शरीराचा भार, मागून पोटरीचा स्नायू ओढतोय. दुसऱ्या प्रकारची तरफ. पुस्तकातला अडकित्ता आणि आपला पाय एकाच नियमाने चालतात, हे मुलांना स्वतःच्या पायावर उभं राहून समजतं.

‘मार्क फुकट मिळतात’

यात अर्धं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. प्रॅक्टिकलला सैल हाताने गुण देणाऱ्या शाळा आहेत. रेकॉर्ड फाइल एकाने लिहायची आणि वर्गाने उतरवायची, हेही चालतं, आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं. पण 70 गुणांचा पेपर बोर्ड तपासतं, तिथे ही सवलत नाही. आदल्या रात्री गाइड वाचून येणारं मूल ‘स्प्रेन’ आणि ‘स्ट्रेन’मध्ये हमखास घसरतं. घरी आपण दोन्हीला ‘लचक भरली’ म्हणतो. पण स्प्रेनमध्ये हाडाला हाड जोडणारा अस्थिबंध दुखावतो, स्ट्रेनमध्ये स्नायू किंवा त्याचा कंडरा. घोटा मुरगळला की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे बाम चोळून शेकणं. वर्गात शिकवतात ते याच्या उलट: विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंचावर. हे ज्याला समजून लिहिता येतं, त्याचे गुण फुकटचे कसे?

‘खेळाडू असाल तरच उपयोग’

प्रॅक्टिकलचे 30 गुण असे: फिटनेस चाचणी 6, खेळातलं कौशल्य 7, योग 7, रेकॉर्ड फाइल 5, व्हायवा (तोंडी परीक्षा) 5. म्हणजे शंभरातले सात गुण खेळाच्या कौशल्याला. दिव्यांग मुलांसाठी बोचिया, सिटिंग व्हॉलीबॉल, गोलबॉल असे पर्याय अभ्यासक्रमातच दिले आहेत.

माझ्या वर्गातली एक मुलगी कधी कुठल्या संघात नव्हती. ज्येष्ठांच्या फिटनेससाठी रिकली आणि जोन्स यांची चाचणी अभ्यासाला आहे. ती घरच्या कुणावर तरी करून या, असं मी सांगतो. हिने आजीला धरलं. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवली, आजीला हात छातीवर आडवे घ्यायला लावले आणि मोबाइलवर 30 सेकंद लावले. 72 वर्षांची आजी सात वेळा पूर्ण उभी राहिली. त्या वयाच्या बायकांसाठी साधारण 10 ते 15 अपेक्षित असतं. मुलगी दुसऱ्या दिवशी आली ती विचारत, ‘सर, आजीच्या मांड्यांत ताकद नाहीये. रोज काय करून घेऊ?’ तिने वहीत आजीसाठी तारखांचा रकाना आखला होता. रसायनशास्त्राच्या वहीतून हा प्रश्न आला नसता.

‘प्रवेशात धरत नाहीत’

हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण पालक न तपासता घाबरतात. आयआयटीसाठी बारावीला 75 टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलची अट असते. तिथे पाच विषय मोजतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक विषय. तो पाचवा विषय पी.ई. असू शकतो. सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेश परीक्षेत, शारीरिक शिक्षण हा स्वतंत्र विषय म्हणून निवडता येतो. नीटच्या पात्रतेला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी बघतात, तिथे पी.ई.चा फायदा नाही तसा तोटाही नाही. काही अभ्यासक्रमांना ठरावीकच विषय लागतात हे खरं, तेव्हा हव्या त्या विद्यापीठाची यादी आधी बघा. पण ‘कुठेच धरत नाहीत’ हे धादांत खोटं आहे.

‘फार तर पी.टी.चे सर व्हाल’

या ‘फार तर’चा मला राग येतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरणांनी तपासले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे आणि आज तिथे या विषयाची पदवी घेता येते. ही सगळी माणसं ‘पी.टी.चे सर’च होती. बाकी रस्त्यांचं म्हणाल, तर फिजिओथेरपीला जीवशास्त्र लागतं, ते नसेल तर पी.ई. ती वाट उघडून देत नाही. पण प्रशिक्षण, क्रीडा व्यवस्थापन, क्रीडा मानसशास्त्र यांची पहिली ओळख शाळेत याच विषयात होते.

मेसेजने विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही. मी आधी ज्या शाळेत होतो तिथे डिसेंबर आला की माझे प्रॅक्टिकलचे तास गणिताला जायचे, आणि मुलांनी हृदयाची क्षमता मोजणारी हार्वर्ड स्टेप टेस्ट बाकावर चढउतार न करताच पाठ केली. तेव्हा प्रवेश घेताना शाळेला विचारा: आठवड्यात मैदानावरचे तास किती, जानेवारीतही ते राहतात का, आणि गेल्या वर्षीच्या दोन मुलांच्या रेकॉर्ड फाइल बघायला मिळतील का. दोन्हीत आकडे सारखेच असतील, तर तिथे हा विषय घेऊ नका.