पोराला काही कळू नये म्हणून

तुमचं पोर तेरा-चौदाचं झालंय? घाबरू नका. आमच्या इंदूरच्या रामबागेत हे दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरी होतंच.

सगळ्यात आधी घरातल्या प्रत्येक फोनात पहारा देणारं ॲप टाका आणि शब्द बंद करा. 'लैंगिक', 'पाळी', 'गर्भ', 'स्तन'. मी टाकलं, तर आमच्या सौ. मॅमोग्राफीबद्दल शोधायला गेल्या आणि पडदा लाल झाला : 'हा मजकूर तुमच्या वयाला योग्य नाही.' वय बावन्न. पण संस्कार म्हटले की थोडं सोसावं लागतं.

सरकारपासून विशेष जपा. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालवतात. पुढे 'साथिया सलाह' नावाचं ॲपही काढलं, कुणासाठी, तर लाजणाऱ्या आणि घरी विचारायची सोय नसलेल्या मुलांसाठी. म्हणजे नेमका आपल्याच घरावर डोळा! सोबतच्या साहित्यात मुलगा रडला तरी चालतं, असंही लिहून ठेवलंय. उद्या खरंच रडला, तर जवळ कोण बसणार?

त्यापेक्षा २००७ साल बरं होतं. आपल्या मध्य प्रदेशानं शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं. महाराष्ट्र, गुजरातही मागे नव्हते. तेव्हाची पोरं आज आईबाप झालीत. बाळ कुठून येतं असं लेकरानं विचारलं, की टीव्हीचा आवाज वाढवतात.

शाळेची काळजी नको. दहावीत प्रजननाचा धडा आहे, पण सर फुलावर तीन तास काढतात. पराग, कुक्षी, भुंगा, सगळं रंगवून. माणूस आला की 'घर पर पढ़ लेना'.

मग मूल शिकणार कुठे? ती सोय आपोआप होते. छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत मित्राच्या चुलत भावाचा फोन असतो, त्याला पहारा नाही. वयात येताना बहुतेक मुलांना होणाऱ्या साध्या गोष्टीला 'स्वप्नदोष' म्हणून आपल्या भाषेनंही मदत केलीच आहे.

परवा पोह्यांवर जीरावन भुरभुरताना पुतण्या हळूच म्हणाला, "काका, एक थेंब गेला की शंभर थेंब रक्त जातं? सगळे भिया लोक सांगतात."

मी म्हटलं, "पोहे गार होतायत."

तेव्हापासून तो रोज वहिनींकडे भिजवलेले बदाम मागतो. घरात सगळे खूश आहेत. परीक्षेचं मनावर घेतलंय म्हणे.