इथे नाही, तिथे

तळ्यावर मासे कुठे लागतात, हे तळ्यावरच्या माणसाला कधी विचारू नये. मी विचारलं. काठावर एक गृहस्थ पाण्याकडे टक लावून बसले होते. मान न वळवता त्यांनी उजवा हात उचलला आणि असा काही फिरवला की त्यात दोन तृतीयांश तळं, पलीकडची टेकडी आणि थोडं आभाळही आलं. "तिकडं," ते म्हणाले. "काल लागत होते."

मासे नेहमी काल लागत असतात.

माझ्या मेहुण्याला या छंदाने पछाडलं त्याला सहा वर्षं झाली. त्याने मला पछाडलं त्याला एक रविवार. "भावजी, पहाटे मासा भुकेला असतो," असं म्हणून त्याने मला साडेतीनला उठवलं. आदल्या रात्री मी याविषयी थोडं वाचून ठेवलं होतं, आणि वाचलेलं पोटात ठेवायची सवय मला नाही. मी त्याला समजावलं, की पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात खऱ्या, पण रात्रभर सगळ्यांसारख्याच तो घेत असतात. त्यामुळे शेवाळ आणि पाणवनस्पती भरपूर असलेल्या तळ्यात सूर्य उगवायच्या जरा आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. म्हणजे आपण पोचू तेव्हा मासे गुदमरलेले असणार. गुदमरलेल्यापुढे ताट वाढून काय उपयोग?

"गाडीत बसा," मेहुणा म्हणाला.

तळ्यावर पोचल्यावर जागा शोधणं सुरू झालं. माझा साधा हिशेब होता: पाणी जिथे खोल, तिथे मासा मोठा. 'खोल पाण्यातला मासा' असं आपण उगाच म्हणतो का? तर हो, उगाच म्हणतो. उन्हाळ्यात खोल तळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड, जड पाण्यावर वेगळा थर करून बसतं. दोन्ही सहसा मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा खालचा प्राणवायू संपवत राहतो आणि वरून नवा येत नाही. पुष्कळ तळ्यांत भर उन्हाळ्यात तळाला मासा राहूच शकत नाही. हे मेहुण्याने मला इतक्या करुणेने सांगितलं, की मला माझीच दया आली.

मग त्याने वाळकं गवत हवेत उडवलं. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ धरायचा. वाऱ्यामुळे पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव आणि कीटक त्या बाजूला लोटले जातात, त्यांच्यामागे छोटे मासे येतात, छोट्यांमागे मोठे. अतिशय शास्त्रशुद्ध. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की माणसाने दिवसभर वारा तोंडावर घ्यायचा आणि पुढे भिरकावलेला गळ मागे झेलायचा. माझा पहिला गळ माझ्याच टोपीला लागला. टोपी हवेत गेली, तंगूस ताणला गेला आणि त्या दिवशी पाण्यातून ओढून काढलेली पहिली वस्तू म्हणून माझी टोपी बाहेर आली. ती चांगली झुंजली.

"इथे नाही, तिथे," मेहुणा म्हणाला.

'तिथे' म्हणजे पाण्यात बुडालेलं एक झाड. माशांना असा आडोसा आवडतो: सावली मिळते, लपायला फांद्या मिळतात, फांद्यांवर वाढलेलं शेवाळ आणि किडे मिळतात. झाडालाही गळ आवडतात, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. एका तासात त्याने माझे चार घेतले. प्रत्येक वेळी काठी वाकायची, मेहुणा "खेचा!" म्हणून ओरडायचा आणि मी तळाशी रुजलेल्या खोडाशी रस्सीखेच करायचो.

इथे पाणी किती स्वच्छ आहे ते बघू, असं मेहुण्याच्या मनात आलं. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरूने 1865 साली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं होतं. तळ्यांचे अभ्यासक आजही तेच करतात. मेहुण्याने त्यासाठी डब्याचं पांढरं झाकण दोऱ्याला बांधून सोडलं. ते हातभर खाली जाताच दिसेनासं झालं. पाणी गढूळ होतं की गाठ सुटली होती, यावर आमचं अजून एकमत नाही. झाकण तळ्यातच आहे.

"इथे नाही. आणि आता बोलू नका."

बोलायचं नाही, उभं राहायचं नाही. माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला डोकावत राहतो. बसलेला सहसा सुटतो. म्हणून आम्ही तिसऱ्या जागेपर्यंत कमरेत वाकून, दबक्या पावलांनी गेलो. दोन प्रौढ, कर भरणारी माणसं.

तिथे मी गांडूळ गळाला लावलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात गांडुळाला पुढची बाजू कोणती हे फक्त गांडुळाला माहीत असतं, आणि ते सांगत नाही. चिमटीत धरलं की लांब होतं, टोक जवळ आणलं की आखडतं. सात मिनिटांनी गळ आरपार गेला, माझ्या अंगठ्यातून. गांडूळ बोटावर शांत बसून बघत होतं.

मी विव्हळलो. मेहुण्याने ओठांवर बोट ठेवलं. कार्प आणि मांजरमाशाच्या कुळात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना उत्तम ऐकू येतं. हे मीच त्याला गाडीत सांगितलं होतं. मग मला कार्ल फॉन फ्रिश आठवले, ज्यांना पुढे 1973 साली मधमाश्यांच्या नाचासाठी नोबेल मिळालं. त्यांच्याकडे एक आंधळा मांजरमासा होता. त्याला खाणं देताना ते शिट्टी वाजवायचे. काही दिवसांनी नुसती शिट्टी वाजली तरी तो आपल्या नळीतून बाहेर यायचा. 1923 साली त्यांनी हे छापलंही. मी कुजबुजलो, "शिट्टी वाजवून बघू का?"

त्यानंतर दोन तास आमचं बोलणं बंद होतं.

त्या दोन तासांत मी फक्त फ्लोट पाहिला, म्हणजे गळाच्या दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बोंडूक. लाल टोक, पांढरी कंबर. एक चतुर येऊन टोकावर बसला, पंख पुढे झुकवले, उडाला, पुन्हा तिथेच बसला. त्याला ती जागा पसंत होती. एकदा फ्लोट इवलासा बुडाला आणि वर आला. मी श्वास रोखला. गळ काढून पाहिला तर गांडूळ साफ! कोणीतरी मला अजिबात न कळवता जेवून गेलं होतं.

दुपारी आणखी एक जण आला. नवी कोरी काठी, घडीची खुर्ची, चेहऱ्यावर माझा सकाळचा भाव. "काका, इकडे मासे कुठे लागतात हो?"

मी मान वळवली नाही. हात आपोआप वर गेला आणि गोल फिरला. "तिकडं," मी म्हणालो. "सकाळी लागत होते."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्या दिवसातला पहिला आदर होता.

तो माणूस माझ्या हाताच्या वळणामागून तळ्याला वळसा घालत गेला आणि आम्ही टोपी गमावता गमावता सोडून आलेल्या काठावर त्याने खुर्ची मांडली. भर वाऱ्यात, ताठ उभा राहून, मोठ्याने फोनवर बोलत त्याने गळ टाकला. पाच मिनिटांत त्याची काठी अर्धगोल वाकली.

मेहुणा उठला, पँट झटकली आणि डबा उचलला. झाकण नसल्यामुळे गांडुळं बरीच निघून गेली होती.

"भावजी," तो म्हणाला, "तिथे."