पांझरेच्या पुलावर एकटी

धुळ्याच्या मोठ्या पुलाच्या कठड्याला टेकून मी नाक शिंकरत होते. एवढंच. यापलीकडे मी काहीही करत नव्हते हे आधीच सांगून ठेवते, कारण या प्रसंगाची एक वेगळी आवृत्ती आमच्या सोसायटीत फिरते आहे आणि ती माझा नवरा सांगतो.

जानेवारीत एक सुट्टी रविवारला जोडून मी एकटीच धुळं बघायला निघाले. इतिहासाचार्य राजवाड्यांचं धुळं, विनोबांच्या तुरुंगाचं धुळं असं बरीच वर्षं मनात होतं. ठाण्यातून निघाले तेव्हा ठणठणीत होते. चांदवडला शिंका सुरू झाल्या, मालेगावला घसा बसला आणि धुळ्यात उतरेपर्यंत अंगात कणकण भरली.

लॉजच्या काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्याने मान वाकडी करून रस्त्यावर पाहिलं.

"सर गाडी लावी राहिले का?"

"सर नाहीत."

"मग मागून येणारेत?"

"सर ठाण्यात आहेत आणि तिथेच राहणार आहेत."

त्याने मालकाला फोन लावला. मालकाने बहुधा आणखी कोणाला तरी लावला. शेवटी आधार कार्ड उलटसुलट पाहून खोली मिळाली, पण रजिस्टरात 'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'पर्यटन' लिहिलं होतं, ते त्याने माझ्यादेखत खोडून 'खाजगी काम' केलं. "मॅडम, पोलीस विचारता," तो म्हणाला. "पर्यटन लिहिलं तर डाउट येतो."

गरम पाणी सोलरचं, सकाळी नऊनंतर. "आणि नऊच्या आधी?" "आधी गार."

धुळ्याची थंडी ठाण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. खानदेश म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश येतात. पण समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते, त्यात उत्तरेचं वारं सुटलं की पारा सहाच्या आसपास येतो, आणि धुळेकर पेपरातला आकडा दाखवून महाबळेश्वरला हसतात. दुपारी पुन्हा तोच पारा अठ्ठावीसला. म्हणजे सकाळी कुडकुडायचं आणि दुपारी घाम पुसायचा. धडधाकट माणसाला यात मजा असेल. तापकरी माणसाला यातलं आपलं किती आणि गावाचं किती, हेच कळत नाही.

तर सकाळी आधी औषधाच्या शोधात निघाले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नवी वसाहत पट्टी लावून आखली. त्या गल्ल्यांना आजही नंबर आहेत. चारमध्ये मेडिकल विचारलं तर पाचमध्ये पाठवलं, पाचवाल्याने सहामध्ये. तापात आकडे असे चढायला लागले की माणसाला थर्मामीटरच्या आत फिरल्यासारखं होतं. सहामधल्या दुकानदाराने गोळ्या काढून हातातच धरून ठेवल्या आणि विचारलं, "पेशंट कुठंय?"

"मीच."

"तसं नाही, सोबत कोणी?"

इतिहासाचार्य राजवाडे जन्मभर दप्तरांच्या मागे गावोगाव भटकले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच, धुळ्यात, गेले. ती तारीख वाचून मी स्वेटरची वरची गुंडी लावली. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी शिंकायचं नाही एवढं मला कळतं, म्हणून मी श्वास रोखून हिंडले. समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं आहेत, तिथेही तेच. एकंदरीत धुळ्याचा वारसा मी नाक दाबून पाहिला. पाहता पाहता मनात येत होतं, राजवाड्यांना कधी कोणी "एकटेच?" असं विचारलं असेल का? आणि विचारलं असेल, तर त्या गृहस्थाचं पुढे काय झालं असेल? राजवाड्यांचा स्वभाव महाराष्ट्राला माहीत आहे. माझा नाही, हीच अडचण.

तुरुंग बाहेरूनच पाहिला. १९३२ मध्ये विनोबांनी इथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. मी पलीकडच्या टपरीवर आल्याचा चहा घेत भिंतीकडे बघत बसले. चहावाल्याने हळूच विचारलं, "आत कोण आहे तुमचं?"

ताप होता. तोंडातून निघून गेलं, "विनोबा."

"आडनाव?"

"भावे."

"किती झाली?"

"सहा महिने."

"सुटतील, सुटतील," तो म्हणाला आणि चहाचे पैसे घेईना. दिवसभरात मला मिळालेली ही एकमेव निखळ सहानुभूती, आणि तीही विनोबांच्या खात्यावरची.

मग देवपुरात एकवीरा देवीला जावं म्हणून निघाले आणि पुलाच्या मध्यावर दम लागला. ऊन छान होतं. थांबले, रुमाल काढला, नाक शिंकरलं, खाली पांझरा बघत राहिले.

"ताई, जरा मागे या."

मागे एक स्कूटर. तिच्यावर माकडटोपी, टोपीवरून मफलर, मफलरच्या फटीत चष्मा. पायांत अडकवलेल्या पिशवीतून कांद्याची पात बाहेर आली होती, म्हणजे घरी भरताचा बेत होता. मला वाटलं वाहन येतंय. मी मागे सरकले.

"अजून."

अजून सरकले.

"आता बरं," काका म्हणाले. स्कूटर स्टँडला लावली. "असं वाटतं माणसाला. मलाही वाटलं होतं. ब्याण्णव साली, बदलीच्या वेळी."

"काय वाटलं होतं?"

"जाऊ द्या. वेळ निघून जाते."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळे लाल, नाक लाल, गालांवरून पाणी, एकटी बाई, पूल. "अहो काका, बला सर्दी झालीय," मी म्हणाले.

"होते. रडून रडून होतेच."

"बी रडत नाहीये!"

"मी पाटबंधारे खात्यात होतो," काका म्हणाले. "चौतीस वर्षं. या नदीचा मला अभ्यास आहे. खाली बघा. म्हणजे फार बघू नका, पण बघा. किती पाणी दिसतं?"

"थोडंसं."

"घोटाभर. अक्कलपाडा धरणातून आवर्तन सुटल्याशिवाय इथे काही नाही. माणसाला नुसतं लागतं. मग पायाला प्लास्टर, सहा आठवडे. आणि ते सहा आठवडे सासरीच पडून राहावं लागतं, हे कोणी लक्षात घेत नाही."

इतकं मुद्देसूद समुपदेशन मी आजवर ऐकलेलं नाही. मी तोंड उघडणार तोच काकांनी बोट वर केलं. "विश्वेश्वरय्या माहिती आहेत ना? नुकते नोकरीला लागले होते, १८८४ च्या सुमाराला. इथेच खानदेशात. याच पांझरेवर दातर्तीला त्यांनी सायफन केला. नदीच्या खालून पाणी नेलं, ताई. खालून! त्या माणसाने नदीच्या खालून वाट काढली, आणि तुम्ही वर उभं राहून खचता?"

आता यावर काय बोलायचं? विश्वेश्वरय्यांशी तुलना झाल्यावर कुठलीही सर्दी लटकीच वाटणार.

तेवढ्यात कठड्याशी बोरांची पाटी घेऊन बसलेली आजी उठून आली. "काय व्हयनं वं माय? काबर रडी राहिनी?"

"सासरनं शे काहीतरी," काकांनी तिला अहिराणीत माझी माहिती दिली.

"सासू तरास देस का?"

माझी सासू आजही डोंबिवलीहून लोकलने डबा पाठवते. मी मान हलवली.

"मंग नवरा दारू पेस का?"

"नाही हो!"

"मंग?"

आजीच्या त्या 'मंग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सासू डबा पाठवते, नवरा पीत नाही, तर बाई पुलावर एकटी कशाला? "मी धुळं बघायला आलेय," मी खरं ते सांगितलं. काकांनी आजीकडे पाहिलं, आजीने काकांकडे. माझ्याबद्दल काही शंका उरली असेल तर ती तिथे मिटली. आजीने माझ्या हातात ओंजळभर बोरं दिली. काकांनी ती लगेच काढून घेतली. "खोकला होईल." आणि स्वतः एक खाल्लं.

"धुळ्यात बघायला काय आहे?" त्यांनी उलटतपासणी सुरू केली. मी राजवाडे सांगितले, बाडं सांगितली, ब्रिग्जच्या गल्ल्या सांगितल्या, उद्या लळिंगचा किल्ला करणार आहे म्हणाले. काका कधीच मंडळात गेले नव्हते. जन्म याच गावात, आणि एवढं सगळं ऐकून म्हणाले काय, तर "बघायचं तर अजिंठ्याला जायचं ना." मला खरंच चीड आली. आपल्या गावात कोणी बघण्यासाठी येऊ शकतं यापेक्षा ते जीव द्यायला आलं असेल हे ज्यांना लवकर पटतं, त्या लोकांचं काय करायचं?

त्याच वेळी नवऱ्याचा फोन आला. स्क्रीनवर नाव दिसलं, मी शिंकले, आणि त्या शिंकेतून डोळे उघडेपर्यंत फोन काकांच्या हातात होता.

"हॅलो. ताई सुखरूप आहेत."

या वाक्यानंतर ठाण्यात काय झालं असेल ते सोडा. पुढचं मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो, पुलावर. नाही, आता मागे उभ्या केल्यात. असं का? आधीपासूनच? एकट्याच फिरता? अरेरे. नाही, नाही, स्वभाव असतो एकेकाचा. आमच्याकडेही तसंच आहे." मग हसणं. दोन्हीकडून हसणं, कारण फोनमधूनही मला नवऱ्याचं ते खास खिंकाळणं ऐकू आलं. मग गाडी रेल्वेवर गेली. "चाळीसगावहून येते ना, १९०० सालची लाइन. पण इथे संपते. मनमाड-इंदूर होईल तेव्हा होईल. वडील वाट बघून गेले आमचे."

मी उभीच. आजीने मला पाटीमागच्या पोत्यावर बसवलं म्हणून, नाहीतर चक्कर येऊन खरोखर कठड्यावरून गेले असते आणि काकांचं म्हणणं सिद्ध झालं असतं.

गंमत बाजूला ठेवून सांगते, मला त्या दिवशी एकशे दोन ताप होता. दिवसभर भेटलेल्या प्रत्येकाला माझं काहीतरी बिघडलंय हे दिसलं. नवरा, सासर, तुरुंगातला नातेवाईक, डोकं, सगळं तपासून झालं. कपाळाला हात लावून 'ताई, ताप आहे का' असं एकानेही विचारलं नाही. त्याच कठड्याला टेकून माझा नवरा उभा असता तर लोकांनी त्याला नदीचा फोटो काढायला जागा करून दिली असती. नाक शिंकरलं असतं तर सर्दी म्हटलं असतं. बाईला सर्दी होत नाही, बाईला कारण असतं. आणि काका भला माणूस होता, अगदी भला, म्हणून तर त्यांच्यावर धड ओरडताही येईना. घसाही नव्हता म्हणा.

काकांनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून ठरवलं की मी आजच परतावं. ठरल्यावर मला कळवण्यात आलं. स्कूटरवर बसायला मी साफ नकार दिला, तेव्हा काका स्कूटर हाताने ढकलत माझ्याबरोबर लॉजपर्यंत चालत आले. काउंटरवरचा मुलगा त्यांना बघून पहिल्यांदा मनापासून हसला. "सर आले वाटतं," तो म्हणाला.

बसस्टँडवर काकांनी मला थेट कंडक्टरच्या ताब्यात दिलं. काय कुजबुजले ते ऐकू आलं नाही, पण कंडक्टरने टोपी सरळ केली आणि मला ड्रायव्हरच्या मागची सीट दिली. खिडकीतून काकांनी एक पुडी आत सरकवली. कळण्याची भाकरी आणि ठेचा, बायकोला फोन करून घरून मागवलेली. तोंडाला चव नसतानाही तो ठेचा लागला, इतका तिखट, आणि दिवसभरात पहिल्यांदा नाक मोकळं झालं. हे श्रेय मी काकांच्या बायकोला देते, काकांना नाही.

"लळिंग राहिलं," मी खिडकीतून म्हणाले.

"किल्ल्यावर कशाला?" काका घाईघाईने म्हणाले. "उंच असतो."

बस हायवेला लागली आणि दहाएक किलोमीटरवर लळिंग आलंच. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा किल्ला, संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेला. निदान बसमधून तरी नीट दिसावा म्हणून मी काच सरकवली. कंडक्टर तिकिटं सोडून धावत आला आणि त्याने ती ओढून घेतली.

"मॅडम, काकांनी सांगितलंय," तो म्हणाला.