टाकीत काय आणि पाय कुठे

ई-२० पेट्रोलवरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २०२५ च्या पावसाळ्यात जे रण पेटलं, ते अजून धुमसतंच आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल (उसापासूनही बनणारं अल्कोहोल) आलं आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज झोपलं, असं अर्धं घर म्हणतं. उरलेलं अर्धं उसाची बाजू लढवतं. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, तेव्हा कारखान्याविरुद्ध बोलणारा जरा जपूनच बोलतो. सरकारचा आकडा असा, की ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीत घट १ ते २ टक्के, इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के. इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणजे थोडी घट होणारच.

मी श्टुटगार्टजवळ राहतो. जर्मनीत २०११ साली ई-१० आलं तेव्हा लोकांनी असाच गहजब केला होता. इंजिन खराब होईल म्हणून कित्येकांनी त्या नोझलला हात लावला नाही. पण इथे ई-५ बंद झालं नाही. आजही दोन्ही शेजारी शेजारी मिळतात, ई-१० लिटरमागे काही सेंटनी स्वस्त, ज्याला जे हवं ते त्याने भरावं. आपल्याकडे नेमका हा पर्याय नाही आणि दरातही सूट नाही, म्हणून लोकांचा राग मला रास्त वाटतो. त्या बाबतीत मी ग्रुपमधल्या तक्रारखोरांच्या बाजूने.

मात्र पाच टक्क्यांसाठी भांडणारी हीच माणसं स्टिअरिंगवर बसली की किती घालवतात, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मागच्या सुट्टीत धाकट्या मावसभावाबरोबर रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाट लागला आणि साखरप्याकडे उतार सुरू होताच त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. "दादा, आता खालपर्यंत फुकटात जातीय बघ." इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात हा हिशोब काही अंशी जमायचा. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाडीत तो उलटा बसतो. गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. वर इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार पायाच्या ब्रेकवर, आणि घाटात ब्रेक तापले की ते लागेनासे होतात. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि जीवही टांगणीला.

भारतीय लायसन्स जर्मनीत सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मला शिकवणाऱ्या बाईंचा एकच धोशा: लांबवर लाल दिवा दिसला ना, मग पाय काढा, गाडी गिअरमध्येच येऊ द्या. दिव्यापाशी पोचेपर्यंत बहुधा हिरवा होतो, ब्रेक लावावाच लागत नाही. असं इंधन राखून चालवणं इथल्या परीक्षेतही पाहतात. आपल्याकडे आठचा आकडा काढला की बाइक आली. उगाच इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तर इथे ८० युरो दंड आहे. आपल्याकडे मेडिकलसमोर एसी चालू ठेवून अर्धा तास बसणारे काका ई-२० वर सर्वात लांब मेसेज लिहितात.

देखभालीतही आपला भर भलतीकडे. एअर फिल्टर बदलला की अ‍ॅव्हरेज वाढतं, हेही कार्ब्युरेटरच्या दिवसांतलं. आताच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, इंधनात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो टायरच्या हवेने. किती हवा हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तो वाचण्याऐवजी आपण पंपावरच्या पोराला "मार तीस-बत्तीस" सांगतो, किंवा पैसे मोजून नायट्रोजन भरतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, पण असो.

आता जर्मनांचं कौतुक इथेच थांबवतो. दिव्याजवळ पाय काढणारा हाच माणूस ऑटोबानवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, १८० ने जातो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा शहरात वाचवलेलं सगळं तिथे धुराड्यातून जातं. १३० चा वेग १९७८ पासून नुसता सुचवलेला आहे, सक्ती नाही. १९७३ च्या तेलसंकटात चार रविवार गाड्या बंद ठेवल्या, ऑटोबानवर १०० ची मर्यादाही आली, आणि काही महिन्यांतच ती उठवावी लागली. वेगमर्यादेचा वाद अधूनमधून निघतो, पण सरसकट सक्तीची मर्यादा अजून आलेली नाही.

आणि पुण्यात लांबून पाय काढा हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, हे मलाही कळतं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्यात रिक्षा शिरते, मागून हॉर्न वाजतो तो वेगळाच. सिंहगड रोडला संध्याकाळी सातला हा उपदेश कुणी मला केला, तर मीही त्याला ग्रुपमधून काढीन. पण हवेच्या दाबाला ट्रॅफिक आड येत नाही. घाटात गिअर टाकून उतरायलाही नाही. आणि पंपावर ई-१० चं वेगळं नोझल मागायला तर मुळीच नाही. ती मागणी मात्र सोडू नका.