म्हणे, मशीनला लहान-मोठं कळत नाही!

पुण्यातल्या व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘यूट्यूबवर सगळे सारखे. नियम एकच. तपासणारं मशीन, त्याला लहान-मोठं कळत नाही. क्लेम (कॉपीराइटचा दावा) आला म्हणजे चोरी केलीच असणार. पैसे मिळत नसतील तर कंटेंट सुधारा. अन्याय झाला तर अपील आहेच.’ खाली टाळ्यांची इमोजी.

‘नियम एकच’ हे तर यूट्यूबच्या नियमांतच खोटं ठरतं. ९० दिवसांत कॉपीराइटच्या ३ स्ट्राइक (तक्रारीवरून व्हिडिओ काढल्याच्या ताकिदी) आल्या की चॅनेल जातं. पण चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये, म्हणजे यूट्यूबच्या कमाईच्या योजनेत, असेल तर तिसऱ्या स्ट्राइकनंतर ७ दिवसांची मुदत मिळते आणि तेवढ्यात दाद मागता येते. बाहेरच्यांना ती नाही.

मशीनला कळत नसेलही, पण मशीन चालवणाऱ्यांना कळतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची ‘क्रॉसचेक’ ही सोय २०२१मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने उघडकीला आणली. बड्या खात्यांना नेहमीच्या कारवाईतून वगळून त्यांची वेगळी तपासणी होई. २०२०मध्ये अशी खाती किमान ५८ लाख होती. यूट्यूबबद्दलही २०१९मध्ये तिथले व्हिडिओ तपासणाऱ्या मॉडरेटरांनी वॉशिंग्टन पोस्टला असंच सांगितलं होतं. यूट्यूबने ते नाकारलं, हेही नोंदवतो. लहान चॅनेल मुद्दाम दाबली जातात असा माझा आरोप नाही. लहानांचे व्हिडिओही लाखांत जातात. गाडं अडल्यावर कोणाची दाद लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता ‘क्लेम म्हणजे चोरी’. अनंत चतुर्दशीच्या रात्री टिळक रस्त्यावर ढोल-ताशा पथक शूट करणारा पोरगा घ्या. वादन खणखणीत, ताशाचा कडकडाट स्वच्छ आलाय. पण मागच्या मंडळाची स्पीकरची भिंत जवळ येते आणि वीसेक सेकंद एक सिनेमाचं गाणं रेकॉर्डिंगमध्ये घुसतं. कंटेंट आयडी, म्हणजे गाणी आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, ते ओळखते आणि व्हिडिओवर म्युझिक कंपनीचा क्लेम लागतो. पोराने चोरलं काय, तर मागच्या मंडळाचा आवाज! त्याने हरकत घेतली की कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस. तोवर दसरा उलटून जातो आणि विसर्जनाचा व्हिडिओ कोणी बघत नाही. हरकत फेटाळली तर पुढे अपील, आणि तेही फेटाळलं तर स्ट्राइक. त्या स्ट्राइकला काउंटर नोटिफिकेशन (व्हिडिओ परत लावण्याची कायदेशीर मागणी) द्यायचं तर खरं नाव-पत्ता कंपनीकडे जातो. धायरीत भाड्याने राहणारा पोरगा तिथेच गप्प बसतो. मोठ्या चॅनेलचा वकील त्या वेळी पत्र लिहायला घेतो. बरं, उद्या याचाच व्हिडिओ कोणी उचलला तर कंटेंट आयडी याला मिळणार नाही. ते मोठ्या हक्कधारकांसाठी. याने फॉर्म भरायचा.

पैशांचं बघू. फेब्रुवारी २०१८पासून जाहिरातीतल्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो (शॉर्ट्ससाठी वेगळा हिशोब आहे). उंबरठा असायला हरकत नाही. पण नोव्हेंबर २०२०मध्ये अटी बदलल्या, आधी अमेरिकेत, मग इतर देशांत. आता उंबरठ्याबाहेरच्यांच्या व्हिडिओंवरही यूट्यूब जाहिराती लावू शकतं आणि त्यातला छदामही बनवणाऱ्याला मिळत नाही. आतल्याला लांब व्हिडिओवर ५५ टक्के. म्हणजे कंटेंट जाहिरात लावण्याइतका चांगला, पण पैसे देण्याइतका नाही?

राहिलं अपील. निवडक मोठ्या चॅनेलना पार्टनर मॅनेजर असतो, म्हणजे फोन करता येईल असा माणूस. बाहेरच्याला फॉर्म, आणि फॉर्मला छापील उत्तर. मेसेजवाल्याने सांगायला हवा होता तो मार्ग वेगळाच आहे: आयटी नियम, २०२१. त्यानुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ७ दिवसांत निकाल (२०२६च्या दुरुस्तीआधी १५ दिवस होते). तो पटला नाही तर २०२३पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. मुदत अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवस, तेव्हा ते मेल डिलीट करू नका.